आरोग्यसेवेचं आर्थिक मूल्यमापन: एका सत्रात काय पक्कं करावं?

पिंपळपान
सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पुढच्या सत्रात हा विषय घेतेय. संख्याशास्त्र जमतं, अर्थशास्त्राचा मात्र गंध नाही. प्रकल्पात एका उपचाराचं मार्कोव्ह मॉडेल (लोक दरवर्षी एका आरोग्यस्थितीतून दुसरीत कसे जातात याचं गणित) करायचं आहे. आधी काय तयार ठेवू, एक्सेल घेऊ की आर ही संगणकभाषा, आणि गुण नेमके कुठे जातात?

तराजू
अर्थशास्त्राचं दडपण घेऊ नका. संधी-खर्च ही एक कल्पना मुरली की बरंच झालं: निधी ठरावीक आहे, तो एका उपचाराकडे वळला की दुसऱ्या कुठल्यातरी रुग्णाचा लाभ हुकतो.

गुण जातात ते तुलनेत. आयसीईआर म्हणजे वाढीव खर्च भागिले वाढीव लाभ, पण वाढीव कोणाच्या मानाने? समजा तीन उपचार आहेत. अ: खर्च १,०००, क्वाली (पूर्ण आरोग्यातल्या एका वर्षाइतका लाभ म्हणजे एक क्वाली) १.०. ब: ५,००० आणि १.२. क: ७,००० आणि १.६. बरेच विद्यार्थी ब आणि क दोघांचीही तुलना अ शी करून मोकळे होतात. आधी खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडा आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या लगतच्या आधीच्या पर्यायाशी करा. अ वरून ब वर जाताना एका क्वालीला २०,००० पडतात, ब वरून क वर जाताना फक्त ५,०००. पुढची पायरी स्वस्त पडते, म्हणजे ब बाद. याला एक्स्टेंडेड डॉमिनन्स म्हणतात. ब काढून क ची तुलना अ शी पुन्हा करायची: ६,००० भागिले ०.६, म्हणजे १०,०००. हे दुसऱ्यांदा करायचं राहूनच जातं.

आणि 'सध्या चालू असलेला उपचार' हा पर्याय यादीत हवाच. तो नसेल तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर निरुपयोगी.

शून्यलब्धी
पहिलं मॉडेल एक्सेलमध्येच करा, कारण प्रत्येक ओळ डोळ्यांसमोर राहते. निरोगी, आजारी, मृत असे तीन रकाने घ्या. १,००० निरोगी लोकांपासून सुरुवात. वर्षाला निरोगीतून आजारी ०.१०, निरोगीतून मृत ०.०२, आजारीतून मृत ०.२०, आजारी पुन्हा निरोगी होत नाहीत. पहिल्या वर्षाअखेर ८८०, १००, २०. दुसऱ्या वर्षाअखेर ७७४.४, १६८, ५७.६. चौथ्या रकान्यात बेरीज ठेवा. ती १,००० वरून हलली की सूत्र चुकलंच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पाच वर्षांच्या संभाव्यतेला पाचाने भागणं. पाच वर्षांत ४०% लोक आजारी पडतात म्हणून वर्षाला ८% धरलं, तर मॉडेलमध्ये पाच वर्षांनी साधारण ३४% च आजारी पडलेले दिसतात, कारण दरवर्षी उरलेल्यांवरच ८% लागतात. आधी दर काढा: ०.६ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, चिन्ह बदलून, भागिले ५, म्हणजे ०.१०२. मग १ मधून e चा उणे ०.१०२ वा घात वजा करा. उत्तर ९.७% येतं.

हाफ-सायकल करेक्शनही विसरू नका. लोक काही वर्षाच्या शेवटच्या दिवशीच आजारी पडत नाहीत, म्हणून ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्याची सरासरी घ्यायची.

अनिश्चितता तपासताना आकडे यादृच्छिकपणे बदलत मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात; तेव्हा संभाव्यतेला बीटा, खर्चाला गॅमा, सापेक्ष जोखमीला लॉगनॉर्मल वितरण. खर्चाला नॉर्मल दिलंत तर अधूनमधून उणे खर्च निघतो. हजारो फेऱ्या चालवायची वेळ आली की मग आर कडे वळा. आणि फेऱ्यांच्या आयसीईआरची सरासरी काढू नका. आधी वाढीव खर्चाची सरासरी, वाढीव क्वालीची सरासरी, मग भागाकार.

कातरवेळ
वरच्या दोघांनी मॉडेलचं सांगितलं, मी त्यात भरायच्या आकड्यांचं सांगते.

रुग्णनिहाय खर्च उजवीकडे लांब शेपूट असलेला असतो, म्हणून संख्याशास्त्राची सवय असलेले मध्यक घेतात. इथे सरासरीच हवी. सरासरी गुणिले रुग्णसंख्या म्हणजे एकूण खर्च. मध्यकातून तो मिळत नाही. विश्वासांतरासाठी बूटस्ट्रॅप (हाती असलेल्या आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा नमुने काढणं) वापरा.

ईक्यू-५डी या आरोग्याचा दर्जा मोजणाऱ्या प्रश्नावलीत पाच पैलू असतात. पाच पातळ्यांच्या आवृत्तीत ३,१२५ आरोग्यस्थिती होतात, जुन्या तीन पातळ्यांच्या आवृत्तीत २४३. दोन्हींचे मूल्यसंच (कुठल्या स्थितीला किती मूल्य द्यायचं याचे तक्ते) वेगळे असतात आणि देशागणिकही बदलतात, तेव्हा कुठला वापरला ते लिहा. शून्याखालचं मूल्य आलं तर ते चूक समजून पुसू नका; मृत्यूहून वाईट मानलेल्या स्थितींना ते येतं.

डिस्काउंटिंगचा, म्हणजे पुढच्या वर्षांतल्या खर्च-लाभाची आजची किंमत कमी धरण्याचा, दर तुमच्या देशाच्या मार्गदर्शक सूचनेतून घ्या. ३.५% दराने २० वर्षांनंतरचा एक क्वाली आज ०.५० इतकाच भरतो, म्हणून लसीसारख्या उशिरा फळणाऱ्या कार्यक्रमांचा निकाल या एका आकड्यावर फिरू शकतो. दर बदलून पाहिलेला तक्ता अहवालात द्याच.

लिखाणासाठी चीअर्स २०२२ ची (आर्थिक मूल्यमापनाच्या अहवालात काय काय हवं ते सांगणारी) २८ मुद्द्यांची यादी पहिल्या दिवसापासून समोर ठेवा. दृष्टिकोन कोणाचा (आरोग्यव्यवस्थेचा की समाजाचा) हे त्यात विचारलंय आणि तिथेच अहवाल घसरतात: दृष्टिकोन समाजाचा म्हणायचं आणि घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेचा वेळ धरायचाच नाही.

पिंपळपान
खूप आभार, बेरजेचा रकाना आजच घालते. एक शंका: एका अभ्यासात आयसीईआर उणे ४,००० दिलाय. म्हणजे पैसे वाचतात ना?

तराजू
नुसत्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. खर्च २,००० ने कमी आणि लाभ ०.५ क्वालीने जास्त, तरी उणे ४,०००. खर्च २,००० ने जास्त आणि लाभ ०.५ ने कमी, तरी उणे ४,०००. पहिला उपचार डोळे मिटून घ्यावा, दुसऱ्याला हातही लावू नये. म्हणून वाढीव खर्च आणि वाढीव क्वाली वेगवेगळे बघा आणि निव्वळ आर्थिक लाभ काढा: एका क्वालीसाठी मोजायची तयारी गुणिले वाढीव क्वाली, वजा वाढीव खर्च. तयारी २०,००० धरली तर पहिल्याला अधिक १२,००० येतात, दुसऱ्याला उणे १२,०००.