'कॅच'ची पाच वाक्यं आणि लिफ्टचं कोटेशन

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. लिफ्टच्या मेंटेनन्ससाठी नवीन कंपनीचं कोटेशन आलंय, पहिलं वर्ष एकदम फ्री, पीडीएफ वर टाकलीय, रविवारच्या मीटिंगला वाचून या. आणि उद्या टाकी धुणार आहेत, ११ ते ३ पाणी नाही, बादल्या भरून ठेवा.

बी ३०४: काका पीडीएफ वाचते पण आधी मला कोणीतरी वाचवा. लेकाला होमवर्क आहे, कॅच शब्दाची पाच वाक्यं आणि समोर मराठी अर्थ. ह्याने पाचही ठिकाणी पकडणे ठोकून दिलंय. मी बॉल पकडला, मी चोर पकडला, मी बस पकडली, मी सर्दी पकडली, मी तुमचं नाव नाही पकडलं 🤦‍♀️ आणि इंग्लिशमध्ये सगळीकडे कॅच्ड. सव्वानऊ झाले, अजून ताटं घेतली नाहीत

ए १०२: सर्दी कुठे पकडली विचारा, मुलुंडला की ठाण्याला, बसायला मिळालं का 😂

बी ३०४: हसू नका हो दादा, मलाही पटकन सुचेना

ए ७०१ सर: पोराला ओरडू नकोस. मॅचचं मॅच्ड, वॉचचं वॉच्ड, मग कॅचचं कॅच्ड का नाही, त्याचं गणित बरोबरच आहे. शब्द मुळात नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आलेला, आणि बाहेरून आलेली क्रियापदं इंग्रजीत सहसा मुकाट्याने एड लावून घेतात. पण तेव्हा लॅच हे जुनं देशी क्रियापद तिथे होतं, अर्थ तोच, धरणे, आणि त्याचा भूतकाळ वेडावाकडा व्हायचा. कॅचने त्याचं बघून कॉट करून घेतलं. पुढे लॅच सुधारलं, आज लॅच्ड म्हणतात. म्हणजे भाडेकरूने मालकाची खोड उचलली, मालक सुधारला, भाडेकरू तसाच.

ए १०२: सर भाडेकरूंवर नको, आम्ही भाड्यानेच राहतो 😄

ए ७०१ सर: अरे उदाहरण दिलं. बरं गंमत म्हणजे चेस, म्हणजे पाठलाग करणे, हा कॅचचा सख्खा भाऊ. लॅटिन मूळ एकच. उत्तर फ्रान्सच्या बोलीतून आला तो कॅच, पॅरिसकडच्या बोलीतून आला तो चेस. एक पळतो, दुसरा धरतो.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा ही विनंती 🙏

ए २०५: सेक्रेटरी साहेब दोन मिनिटं. बॉलला झेलणे लिहायला सांगा की, झेल सोडून पकडला काय. ८३ ची फायनल, मदनलालच्या बॉलवर रिचर्ड्सने उचलला आणि कपिल मागे मागे धावत गेला, रिचर्ड्स ३३ वर गेला, आपल्या फक्त १८३ होत्या. झेल तो. आणि २०२४ ला बार्बाडोसला शेवटच्या ओव्हरला १६ हव्या होत्या, मिलरने पहिलाच बॉल मारला, आपल्या सूर्याने बाउंड्रीवर धरला, तोल जातोय बघून आत उडवला, बाहेर जाऊन परत आत आला आणि पुन्हा धरला. त्याला एकदा झेलला म्हणायचं की दोनदा ते सर सांगतील

बी ५०१ काकू: झेलणं आमच्याकडे वेगळंच आहे हो. लग्न झाल्यापासून ह्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, वरचेवर झेलला, त्याचा कप कुठे देतात का

बी ५०१ काका: मी पण ग्रुपवर आहे

बी ५०१ काकू: माहितीये 😌 पण ताई, सर्दीचं बघ, आपण पकडत नाही, आपल्याला होते. उलट दुखणंच आपल्याला धरतं. काल एसीखाली झोपले तर सकाळी मान धरली, मध्ये ह्यांची कंबर धरली होती, पिंट्याचा घसा धरला. पावसाचंही तेच, स्टेशनवरून येताना पावसाने गाठलं म्हणतो. इंग्रज माणूस सगळं स्वतः पकडत फिरतो, आपण बिचारे सापडतो

बी ३०४: काकू हे किती भारी आहे, गाठलं हा शब्द डोक्यातच आला नाही माझ्या

ए ४०३: वर्सोव्याला माझ्या माहेरी कोणी मासे पकडले म्हणत नाही, म्हावरं घावलं का विचारतात. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, जाळी विणत बसलेत सगळे, घावणार काय. बोटीला किती मिळालं त्याला इंग्लिशमध्ये पण कॅचच म्हणतात ना सर

ए ७०१ सर: हो, तिथे तो नाम होतो. आणि आता सगळ्यांनी एक ऐका, कारण ही चूक मी ३० वर्षं पेपरात तपासली. आपण पिशवी पकड, दांडा पकडून उभा राहा म्हणतो, म्हणून इंग्रजीतही सरळ कॅच माय बॅग म्हणतो. ते चूक. हलती, सुटून जाणारी गोष्ट असेल तर कॅच. हातात घेऊन नुसतं उभं राहायचं असेल तर होल्ड. कॅच माय बॅग म्हणालास तर समोरचा समजेल तू बॅग फेकतोयस.

ए १०२: सर खरंच झालंय!! ऑफिसमध्ये नवीन मुलगा आलाय दिल्लीचा, त्याला मी म्हटलं कॅच माय लॅपटॉप, तो दोन पावलं मागे जाऊन हात पसरून उभा 😭

बी ३०४: 😂😂 बरं झालं हे, झेलला, रंगेहाथ धरला, बस मिळाली, सर्दी झाली. नाव कॅच झालं नाही ह्याचं?

बी ५०१ काकू: नाव नीट ऐकू आलं नाही. संपलं. जेवायला वाढ आता त्याला

ए ६०३: सेक्रेटरी काका, विषय निघालाच आहे तर व्हॉट्स द कॅच? लिफ्ट एक वर्ष फुकट कोण सांभाळतं?

सेक्रेटरी: कॅच वगैरे काही नाही, मी स्वतः बोललोय त्यांच्या माणसाशी, अतिशय सज्जन आहे

ए ६०३: पान ४ वाचा. फ्री म्हणजे फक्त सर्व्हिसिंग आणि ऑइलिंग. रोप, मोटर, कंट्रोल पॅनल, दरवाज्याचे सेन्सर सगळं वगळून, पार्टचे पैसे वेगळे आणि पार्ट त्यांच्याकडूनच घ्यायचा. करार ५ वर्षांचा, मध्ये सोडला तर फ्री वर्षाचं बिल लावणार. मागच्या वर्षी रोपला किती गेले ते ट्रेझररना विचारा

ए २०५: म्हणजे अंडरआर्म बॉल टाकतोय आपल्याला, सगळे पुढे सरसावून मारायला जाणार

सेक्रेटरी: पान ४ माझ्याकडे डाउनलोड झालं नव्हतं. रविवारी त्यांना बोलावतो, कॉम्प्रिहेन्सिव्हचा, म्हणजे पार्टसकट कराराचा, रेट लेखी मागू.

बी ३०४: सर ह्या कॅचला मराठीत काय लिहायचं, लेक म्हणतोय नावाचं वाक्य खोडून हेच घालतो

ए ७०१ सर: गोम. किंवा मेख. गोम जास्त छान. पूर्वी घोडा घेताना अंगावर केसांची गोम कुठे आहे ते बघायचे, भलत्या जागी असली की घोडा खोडीचा. यात एक गोम आहे, असं.

बी ३०४: लिहिलं त्याने. "आमच्या लिफ्टमध्ये गोम आहे." गुड नाइट सगळ्यांना 🙏

सी २०१: आत्ता बघतेय मेसेज. गोम?? कुठल्या विंगच्या लिफ्टमध्ये? मुलगा क्लासहून वर येतोय एकटा, वॉचमनला झाडू घेऊन पाठवा ना कोणीतरी लवकर