वाइसबिअर की वाइत्सेन? आणि 'गढूळ'ऐवजी दुसरा शब्द हवाय

म्युनिकला राहून आले, तिथल्या गव्हाच्या बिअरवर लिहितेय. म्युनिकमधे सगळे वाइसबिअर म्हणतात, पण बव्हेरियाच्या (म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे त्याच्या) बाहेर तीच वाइत्सेन होते. दोन्ही एकच ना? आणि बाटलीवर 'नाटुरट्र्यूब' असतं त्याला मी 'नैसर्गिक गढूळ' लिहिलं तर बहीण म्हणाली, गढूळ म्हणजे पुराचं पाणी गं, ते कोण पिईल!

— ताई, बिअर एकच. वाइत्सेन म्हणजे गहू आणि वाइस म्हणजे पांढरा, पण हे दोन शब्द मुळात सख्खे, पांढरं पीठ देणारं धान्य म्हणून ते नाव पडलं. आपला 'श्वेत' पण त्याच कुळातला, म्हणून मला हा शब्द परका वाटतच नाही. आता 'पांढरी' असं शब्दशः घेऊ नका, कारण डुंकलेस वाइसबिअर चांगली तपकिरी असते आणि तरी नाव वाइसच. निम्म्याहून कमी गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) चालत नाही, खरी खूण ती.

याच बिअरला हेफेवाइत्सेनही म्हणतात, त्यातला हेफे म्हणजे यीस्ट. 'उचलणे' या अर्थाच्या हेबेन क्रियापदावरून आलाय, आपण नाही का म्हणत पीठ वर आलं, तसंच. गंमत म्हणजे १५१६ च्या बव्हेरियन बिअर कायद्यात फक्त जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, यीस्टचं नावच नाही आणि गहूही नाही, त्यामुळे ही बिअर पुढे कितीतरी वर्षं खास परवानगीवरच बनत राहिली. केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो ना, तो याच हेफेचा, त्यात केळं लवंग काही घालत नाहीत.

गढूळ मात्र नकोच. आपल्याकडे 'साका' आहे की! विहिरीचं पाणी घागरीत भरलं की आई म्हणायची साका बसू दे. तुम्ही ओतताना बघितलं असेल, उंच ग्लास पाण्याने ओला करून तिरका धरतात, बाटली हळूहळू रिकामी करतात, शेवटचे दोन बोटं ठेवून बाटली गोल गोल फिरवतात आणि मग तो तळ फेसावरून सोडतात. तो तळ म्हणजे साका. म्हणून हेफेवाइत्सेन = साक्यासकट गव्हाची बिअर. आणि गाळलेली क्रिस्टालवाइत्सेन असते ती 'निवळ', ताकाची निवळ म्हणतो तसं.

— साका! अहो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता हा शब्द, लगेच बदलते. फक्त एक, तो तळ ओतला की ग्लासात ढग उठल्यासारखं दिसतं, सगळा सोनेरी रंग धुरकट होतो, ते 'साक्यासकट'मधे येत नाही, तिथे मी 'धुरकट सोनेरी' ठेवू का?

— ठेवा. रंगाला धुरकट, तळाला साका. 'नाटुरट्र्यूब'ला 'न गाळलेली' पुरे.