अनुभव धागा : पोरांची व्यसनं, सोलापुरातल्या आपल्या घरांतनं

आमच्या गल्लीतला १९ वर्षांचा पोरगा गेल्या महिन्यात व्यसनमुक्ती केंद्रात गेला. त्याची आई म्हणाली, दोन वर्षं कुणाला सांगितलंच नाही, लोक काय म्हणतील म्हणून. तेव्हापासून डोक्यातनं जाईना. ज्यांच्या घरी, वर्गात असं झालंय त्यांनी लिहा, नाव नको. कधी कळलं आणि कशाचा उपयोग झाला तेवढं सांगा.

विडी घरकुल, एक आई
पोरगा अकरावीला. शेंगाचटणी त्याच्या जीवाची, ती ताटात तशीच ठेवायला लागला, तोंड जळतंय म्हणायचा. मला वाटलं उष्णता असंल. दाताच्या डॉक्टरनी तीन बोटं उभी धरून तोंड उघड म्हणलं तर दोनच गेली. दोन वर्षं सुपारी-तंबाखूचा मावा खायलाय आणि मी विड्या वळत शेजारी बसलेली, माझ्याच अंगाला तंबाखूचा वास, तर त्याच्या तोंडाचा कुठनं कळणार! तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तरी गालाची कातडी आतनं आवळते, ते मला तिथंच कळलं. घरी येऊन एवढंच म्हणले, बाळा, या तंबाखूवर आपली चूल पेटते पण तुला मी ती खाऊ देणार नाही. रडला.

शिक्षक, आठवी-नववी
एकाच्या रुमालाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला, नशेसाठी हुंगायचा ते, आणि मी मारलं त्याला, चुकलंच माझं, पंधरा दिवस पोरगं शाळेतच आलं नाही. मग घरी गेलो तर आईबाप दोघं कारखान्यात रात्रपाळीला, संध्याकाळी सातपासून पोरगं एकटं. आता तो आणि अजून तिघं माझ्या घरी अभ्यासाला बसतात, जेवूनच जातात. आणि शाळेजवळच्या टपरीवर आम्ही सगळे शिक्षक मिळून गेलो, १८ च्या आतल्या पोराला तंबाखू दिली तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे म्हणून सांगितलं. मावा द्यायचा बंद झाला.

वय २४, स्वतःचा अनुभव
माझी दारू. वडलांनी खोलीत कोंडलं, आता सुटंल म्हणून. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या दिवशी फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो ओ, हे डॉक्टरच्या देखरेखीतच करा, पाया पडतो. त्यानंतर दोनदा परत प्यायलो. तिसऱ्यांदा मित्र रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर घेऊन बसायचा, काय बोलायचा पण नाही. १४ महिने झाले.

धागाकर्ती
कुणाशी बोलायचं कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. मन फार खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलतात. घरकुलच्या ताई, पोरगा कसाय आता?

विडी घरकुल, एक आई
आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातात धरून तोंड उघडायचा व्यायाम दिलाय, पूर्ववत होणार नाही म्हणलेत. काल एक काडी वाढली.