अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी का? प्रमाणपत्र आयुष्यभर चिकटते का?

चौथीची आई
माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. परिसर अभ्यासाचा धडा एकदा वाचून दाखवला की तो सगळी उत्तरे तोंडी, तीही स्वतःच्या शब्दांत सांगतो. पण तीच उत्तरे वहीत लिहायची वेळ आली की अर्धे पान कोरे राहते आणि जे उतरते त्यात जोडाक्षरे तुटलेली व वेलांट्या भलत्याच अक्षरांना लागलेल्या असतात. वर्गशिक्षिकांनी अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाते का याची, तपासणी सुचवली आहे. सासूबाई म्हणतात, त्याचे वडीलही असेच होते, पुढे आपोआप सुधारले. यजमानांना मात्र ‘दिव्यांग’ हा शिक्का जन्मभर राहील अशी भीती वाटते. तपासणी केली की प्रमाणपत्र घ्यावेच लागते का?

खडूफळा
नाही, ताई. मी विशेष शिक्षिका आहे. तपासणीतून अडचण कुठे आहे ते कळते, आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा की नाही हे पालकांनी नंतर ठरवायचे असते. आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन व गणित पाहतात, आणि ही तपासणी मूल ज्या भाषेत शिकते त्याच भाषेत व्हावी असा आग्रह अवश्य धरा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो, रफार पुढच्या अक्षरावर बसतो पण त्याआधी उच्चारला जातो. ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालणे ज्याला मुळातच जड जाते, त्याची इथे दुप्पट दमछाक होते. यात आळस नसतो आणि बुद्धीही कमी नसते. सासूबाईंचे निरीक्षण तर तपासणीच्याच बाजूचे आहे, कारण डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. (यजमान आजही लांबलचक अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतात का, हे सहज विचारून पाहा.)

रातवा
शिक्क्याबद्दल थोडे सांगतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता दोन्ही येतात. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या पद्धतीत या अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देण्याची आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची सोय केली गेली, म्हणजे चौथीतला कागद जन्मभराचा नव्हे. तो कुठे दाखवायचा हेही आपल्याच हाती असते. माझ्या मुलीला एडीएचडी (लक्ष टिकवणे व स्थिर बसणे जड जाण्याची अवस्था) आहे आणि ते नाव त्या २१ मध्ये स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे रोजची ओढाताण तेवढीच असूनही आम्हाला असा कागद सहज मिळत नाही. तुम्हाला जो शिक्का वाटतो तो आम्हाला हवा आहे, हा विरोधाभास मला नेहमी खटकतो.

चौथीची आई
आभारी आहे. मुलाला काय सांगावे? हल्ली ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ची चर्चा वाचते, त्यात अशी मुले असामान्य प्रतिभेची असतात असेही लिहिलेले असते.

तळ्यातमळ्यात
कृपया तसे सांगू नका. मी स्वतः डिस्लेक्सिया असलेला पदवीचा विद्यार्थी आहे. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या रीतीने काम करतो आणि त्यातल्या एकाच रीतीला प्रमाण मानू नये, हा विचार मला पटतो. पण लपलेल्या प्रतिभेचे ओझे मुलावर टाकले तर साधारण गुण मिळाल्यावर त्याला दुसऱ्यांदा अपयशी झाल्यासारखे वाटते. ‘तुला कळते, पण लिहायला वेळ लागतो, म्हणून आपण वेगळ्या पद्धतीने शिकू,’ एवढे पुरे.

सवलतींबद्दल एक गोष्ट राहिली. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते लिहून देणारी व्यक्ती) अशा सवलती आहेत, मात्र जादा वेळेने वाचन सुधारत नाही. त्यासाठी उपचारात्मक अध्यापन नियमितपणे, वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. लेखनिकाचेही तसेच आहे. परिच्छेद, विरामचिन्हे, आकृतीला द्यायची नावे हे सगळे बोलून सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ऐन दहावीत ते शिकता येत नाही, म्हणून आतापासून तो सांगेल आणि तुम्ही जसेच्या तसे लिहाल असा सराव सुरू करा.