सर्व्हरच्या चाचणीत क्लायंटचा पत्ता आणि पोर्ट कसा तपासावा?

प्रश्न:
लिनक्सवरील एका टीसीपी सर्व्हरसाठी मी स्वयंचलित चाचण्या लिहीत आहे. प्रत्येक क्लायंटचा आयपी पत्ता व पोर्ट लॉगमध्ये नोंदवणे आणि एकाच पत्त्यावरून मर्यादेपेक्षा जास्त कनेक्शन आल्यास पुढची नाकारणे, ही त्याची कामे. चाचणीत सर्व्हर आणि क्लायंट या दोघांनाही ठरावीक पोर्ट दिले आहेत. चाचणी लगेच पुन्हा चालवली, की पत्ता आधीच वापरात असल्याची एरर येते. शिवाय सगळे क्लायंट १२७.०.०.१ (संगणकाचा स्वतःचाच पत्ता) वरूनच येत असल्याने वेगवेगळ्या पत्त्यांची मर्यादा कशी तपासावी?

उत्तर १:
जी बाजू कनेक्शन आधी बंद करते, तिच्याकडे ते टाइम-वेट अवस्थेत (बंद झाल्यानंतरची प्रतीक्षा), लिनक्सवर ६० सेकंद, राहते. बाइंड करण्यापूर्वी, म्हणजे सॉकेटला (कनेक्शनचे प्रोग्रॅमकडील टोक) पत्ता व पोर्ट जोडण्यापूर्वी, सर्व्हरच्या सॉकेटवर रियूज-ॲड्रेसचा पर्याय लावल्यास ती एरर टळते, परंतु दोन चाचण्या समांतर चालल्या, तर पोर्टवरून पुन्हा अडेल. म्हणून सर्व्हरला पोर्ट ० द्यावा; कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मोकळा पोर्ट निवडतो आणि तो कोणता, हे गेटसॉकनेम या फंक्शनने कळते. मोकळा पोर्ट आधी शोधून, सॉकेट बंद करून, तोच क्रमांक सर्व्हरला देण्याची पद्धत मात्र कृपया टाळावी, कारण मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस तो घेऊ शकते. क्लायंटचा पोर्टही ठरवू नये. कनेक्ट होताना कर्नल तो सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधून देतो. क्लायंटच्या सॉकेटला गेटसॉकनेमने विचारावे आणि ते उत्तर सर्व्हरच्या लॉगशी ताडून पाहावे.

उत्तर २:
पत्त्यांचा प्रश्न लिनक्सवर सोपा आहे, कारण १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते लूपबॅकचेच, म्हणजे त्याच संगणकाकडे परत येणारे, असतात. एका क्लायंटला १२७.०.०.२ आणि दुसऱ्याला १२७.०.०.३ वर, पोर्ट ० देऊन, बाइंड करावे. मॅकवर मात्र हे पत्ते आधी लूपबॅक इंटरफेसला जोडावे लागतात. सर्व्हर आयपीव्ही६ च्या (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीच्या) सॉकेटवर जुन्या आयपीव्ही४ ची आणि आयपीव्ही६ ची, अशी दोन्ही प्रकारची कनेक्शन घेत असेल, तर तोच पत्ता ::एफएफएफएफ:१२७.०.०.२ असा दिसेल. मोजणीपूर्वी तो मूळ रूपात आणला नाही, तर मोजणीत एकाच क्लायंटची दोन खाती तयार होऊ शकतात.

उत्तर ३:
पहिल्या उत्तरातील तुलनेत एक फट राहते. गेटसॉकनेमकडून पोर्ट नेटवर्कच्या बाइट-क्रमाने, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी, असा येतो. इंटेलच्या प्रोसेसरचा क्रम उलटा असल्याने तो बदलून न घेतल्यास तिथे ८०८० चा ३६८९५ होतो. चाचणी आणि सर्व्हर दोघेही पोर्ट वाचायला तेच फंक्शन वापरत असतील, तर दोन्हीकडे सारखाच चुकीचा आकडा येईल आणि चाचणी पास होईल. त्यामुळे त्या फंक्शनला ८०८० चे बाइट थेट देऊन निकाल ८०८० च येतो का, हे तपासणारी वेगळी चाचणी अवश्य ठेवावी.