मदत हवी आहे: मॉरिशसच्या आयात-निर्यातीचे आकडे जुळत नाहीत, कल कसा काढायचा?

अनुस्वार

नमस्कार. मॉरिशसच्या वस्तुव्यापारावर एका मराठी मासिकासाठी लेख करायचा आहे. तिथे मराठी समाज पिढ्यानपिढ्या आहे आणि आपला कांदा-तांदूळही तिथे जातो, म्हणून विषयात रस आहे. भारताचे वाणिज्य मंत्रालय, स्टॅटिस्टिक्स मॉरिशस (तिथली सरकारी सांख्यिकी संस्था) आणि संयुक्त राष्ट्रांचे कॉमट्रेड (देशोदेशीच्या व्यापाराचा आकडेसंग्रह) अशा तीन ठिकाणचे आकडे उतरवले. तीन अडचणी आहेत.

1) भारताने मॉरिशसला केलेली निर्यात आणि मॉरिशसने भारतातून केलेली आयात हे आकडे जुळत नाहीत. फरक किरकोळ नाही.
2) 2020 नंतर मॉरिशसची निर्यात मॉरिशियन रुपयांत चांगलीच वाढलेली दिसते. याला वाढ म्हणायचे का?
3) एखाद्या तिमाहीत आयात एकदम उसळते आणि पुढच्या तिमाहीत खाली येते. कारण कुठे शोधायचे?

---

गोदी

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. हे आकडे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षाच ठेवू नका. फरक कशाकशाने पडतो ते वेगळे काढा.

भारत निर्यात एफओबी मोजतो, म्हणजे माल न्हावा-शेवाला जहाजावर चढेपर्यंतची किंमत. मॉरिशस आयात सीआयएफ मोजते, म्हणजे त्यात पोर्ट लुई या तिथल्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे आणि विमाही धरलेला असतो. सिमेंट, तांदूळ, कांदा अशा वजनदार आणि स्वस्त मालात भाड्याचा वाटा मोठा, औषधांत नगण्य. त्यामुळे सगळ्या मालाला एकच टक्केवारी लावून सीआयएफचे एफओबी करू नका.

दुसरे वर्षाचे. भारताचे 2023-24 म्हणजे एप्रिल ते मार्च, मॉरिशसचे 2023 म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. मासिक आकडे उतरवून स्वतः बेरीज करा. तरीही डिसेंबरात निघालेला कंटेनर तिकडे जानेवारीत नोंदला जातो, तेवढी तफावत राहतेच.

तिसरे कारण सगळ्यात जास्त नजरेआड होते. मॉरिशस आयातीत माल मूळ कुठल्या देशात तयार झाला ते नोंदवते. भारत निर्यातीत माल कुठे चालला आहे ते नोंदवतो. दुबईच्या व्यापाऱ्याने भारतीय माल घेतला आणि पुढे पोर्ट लुईला विकला, तर आपल्या नोंदीत तो अमिरातीला गेला आणि मॉरिशसच्या नोंदीत भारतातून आला. दोन्ही नोंदी बरोबरच आहेत.

कॉमट्रेडवर मॉरिशसचा देश-क्रमांक 480, भारताचा 699. तिथे एकूण निर्यातीत पुनर्निर्यात (आयात केलेला माल तसाच पुढे विकणे) आधीच धरलेली असते, ती वेगळ्या ओळीत पुन्हा दिसते इतकेच. दोन्ही ओळींची बेरीज केलीत तर तोच माल दोनदा मोजला जातो.

---

तागडी

दुसरा प्रश्न लेखाचा कणा आहे, म्हणून सविस्तर.

मॉरिशसच्या एकूण निर्यातीत तीन गोष्टी असतात: देशात तयार झालेल्या मालाची निर्यात, पुनर्निर्यात, आणि जहाजांना-विमानांना दिलेले इंधन व सामान. तिसऱ्या भागातले इंधन आयात केलेलेच असते. 2022 मध्ये कच्चे तेल सरासरी 100 डॉलरच्या आसपास होते, 2020 मध्ये 42 च्या. म्हणजे तेवढ्याच टन इंधनाने ‘निर्यात’ दुपटीहून अधिक फुगू शकते. कल काढताना हा भाग आधी बाजूला ठेवा. फ्रीपोर्टमधला (बंदरालगतच्या करमुक्त क्षेत्रातला) व्यापार धरला आहे की वगळला आहे, हेही प्रत्येक तक्त्याच्या तळटीपेत पाहा. जुनी मालिका नव्याला जोडताना हमखास इथेच घोळ होतो.

मग चलन. 2019 मध्ये एका डॉलरला साधारण 36 मॉरिशियन रुपये पडत होते, 2022 मध्ये 44 च्या आसपास. 100 डॉलरचा तोच माल 3,600 वरून 4,400 रुपयांवर गेला, म्हणजे एकही नग जास्त न विकता 22 टक्के ‘वाढ’. तरी सगळेच डॉलरवर टाकून मोकळे होऊ नका. इंधनाचे बिल डॉलरमध्ये येते, पण युरोपला जाणाऱ्या साखरेचे आणि ट्यूनाचे पैसे बरेचसे युरोत मिळतात, आणि 2022 च्या मध्यात युरो घसरून डॉलरच्या बरोबरीला आला होता. खर्च महाग चलनात आणि कमाई घसरत्या चलनात, हा तिथला खरा ताण आहे. लेखात तो यायलाच हवा.

स्टॅटिस्टिक्स मॉरिशस दर तिमाहीला आयात आणि निर्यात मालाचे किंमत निर्देशांक काढते. मूल्य निर्देशांकाला किंमत निर्देशांकाने भागा. उदाहरणादाखल, मूल्य 130 आणि किंमत 118 असेल तर 130 ÷ 118 × 100 = 110.2, म्हणजे परिमाणातली वाढ सुमारे 10 टक्के. 30 मधून 18 वजा करून 12 लिहू नका.

जिथे वजन मिळते तिथे निर्देशांकापेक्षा टन पाहणे केव्हाही चांगले. मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (एचएस) साखर 1701 या कोडखाली, डबाबंद ट्यूना 1604.14 खाली. टी-शर्ट 6109 आणि पुरुषांचे शर्ट 6205 खाली, तिथे नग मिळतात.

---

भरती_ओहोटी

तागडी यांच्या मुद्द्याला जोडून साखर आणि ट्यूनाबद्दल.

साखरेचा दहा वर्षांचा आलेख काढून ‘उद्योग बुडाला’ असे लिहिणारे बरेच भेटतात. 1975 पासून युरोपच्या साखर करारानुसार मॉरिशसला ठरलेला कोटा आणि जागतिक बाजारापेक्षा बराच चढा भाव मिळत होता. 2006 च्या सुधारणेत युरोपने हमीभाव टप्प्याटप्प्याने 36 टक्के उतरवला, 2009 मध्ये करार संपला आणि 2017 मध्ये युरोपच्या स्वतःच्या बीट साखरेवरचे कोटेही उठले. या तीन वर्षांवर आलेखात उभ्या रेघा मारा, निम्मी गोष्ट आपोआप दिसेल. दरम्यान मॉरिशस कच्च्या साखरेकडून पांढऱ्या शुद्ध साखरेकडे आणि महागड्या खास साखरांकडे वळले. म्हणून टन घटले तरी टनामागचे मूल्य वेगळे मोजावे लागते. आणखी एक: तिथले कारखाने शुद्ध करण्यासाठी बाहेरून कच्ची साखरही आणतात. निर्यात साखर म्हणजे सगळा तिथलाच ऊस, असे समजू नका. 1701 ची आयात पाहा.

ट्यूनाचेही तेच. गोठवलेला मासा 0303 खाली आत येतो आणि डबाबंद होऊन 1604.14 खाली बाहेर जातो. मासा महागला की आयातही वाढते आणि निर्यातही वाढते, पण देशात राहते ती मधली मजुरी आणि नफा. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्याशिवाय ट्यूनाच्या ‘विक्रमी निर्यातीबद्दल’ काहीही लिहू नये असे माझे ठाम मत आहे.

---

गोदी

तिसरा प्रश्न. इतक्या लहान देशात एक विमानही आलेख हलवते. एअर मॉरिशसची पहिली ए350 विमाने 2017 च्या शेवटच्या तिमाहीत आली. विमान खरेदीने किंवा वित्तीय भाडेपट्ट्याने (जवळपास मालकीच मिळते असा) घेतले तर ते आयातीत येते, साध्या भाडेपट्ट्याने घेतले तर येत नाही. त्यामुळे ‘जहाजे व विमाने वगळून’ असा आकडा असेल तर तोच घ्या.

इंधनाचा टँकर महिन्याच्या 30 तारखेला आला की 2 तारखेला, यावरही महिन्याचा आकडा पालटतो. एका महिन्यावर विसंबू नका, तीन महिन्यांची बेरीज घ्या. तुलना मागच्या तिमाहीशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. ऊसतोड जूनच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. शेवटच्या तिमाहीत नाताळची आयात असते.

भारताचा वाटा पाहताना इंधन (2710) वगळूनही एकदा मोजा. मंगळूरच्या रिफायनरीतून मॉरिशसला 2007 पासून अनेक वर्षे इंधन जात होते. पुरवठादार बदलला की भारताचा वाटा कोसळलेला दिसतो, कापड, औषधे आणि धान्य मात्र होते तिथेच असतात.

---

अनुस्वार

मनापासून आभार. कांदा आणि तांदूळ चौकटीत घ्यायचा विचार आहे. आणखी एक: मोबाइल फोनची आयात 2022 मध्ये शून्यावर आलेली दिसते. हे कसे?

---

तागडी

ते शून्य खरे नाही. 2022 च्या एचएस आवृत्तीत 8517.12 हा कोड गेला. स्मार्टफोन 8517.13 मध्ये आणि इतर मोबाइल 8517.14 मध्ये गेले. दोन्हींची बेरीज करून जुन्या ओळीला जोडा. दीर्घ मालिकेत 2017 आणि 2022 या दोन्ही वर्षी कोड बदलले का, हे प्रत्येक वस्तूसाठी तपासा.

चौकटीसाठी: भारताने जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा मॉरिशसला सरकारी मार्गाने 14,000 टनांची परवानगी दिली. डिसेंबर 2023 मध्ये कांदा बंद झाला, आणि 2024 च्या सुरुवातीला मॉरिशससाठी 1,200 टन मोकळे केले. बंदी मे 2024 मध्ये उठली, टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्याच्या अटीवर. पण परवानगीचा आकडा म्हणजे गेलेला माल नव्हे. भारताच्या मासिक तक्त्यात 0703.10 खाली मॉरिशसला किती टन गेले ते पाहा, मग पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत मॉरिशसच्या आयातीत ते दिसतात का बघा. दोन्हीकडचे टन जवळपास जुळले तरच चौकटीत छापा.

---

भरती_ओहोटी

एक राहिले. 1 एप्रिल 2021 पासून भारत-मॉरिशस व्यापार करार लागू आहे आणि चीनशी त्यांचा करार 1 जानेवारी 2021 पासून. 2020 हे टाळेबंदीचे वर्ष असल्याने 2020 च्या पायावर 2021 ची वाढ काढून ती करारांच्या खात्यावर मांडू नका. 2018 आणि 2019 ची सरासरी पाया धरा, आणि कराराचा परिणाम फक्त करारात सवलत मिळालेल्या वस्तूंवर मोजा. ताज्या दोन-तीन तिमाहींचे आकडे तात्पुरते असतात, पुढच्या प्रकाशनात ते बदलतात. लेख छापायला जाण्याआधी ती फाइल पुन्हा उतरवून घ्या.