अनुभव धागा : कादाकेसचा उपसागर आणि दालीचा मुलूख

स्पेनच्या ईशान्य टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ कादाकेस आहे. कादाकेस, फिगेरेस, एम्पूरियेस पाहिलेल्यांनी उपयोगी पडेल असं लिहा. 'अप्रतिम आहे' एवढंच नको.

*

आधी पोर्टलिगातमधल्या चित्रकार साल्वादोर दालीच्या घराचं तिकीट, मग बाकीचं नियोजन. हे घर म्हणजे कोळ्यांच्या झोपड्या एकेक करून विकत घेऊन जोडलेला चक्रव्यूह. खोल्या चिंचोळ्या, म्हणून थोड्या थोड्या वेळाने लहान गटच आत सोडतात. उन्हाळ्यात आगाऊ आरक्षण नसेल तर दारातूनच परत यावं लागतं. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी खिडकीवर पोचा, नाहीतर जागा जाते. कादाकेसहून चालत वीसेक मिनिटं, पण मध्ये चढ आहे. आत पायऱ्या बऱ्याच. गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा.

*

कादाकेसला रेल्वे नाही. बार्सेलोनाहून फिगेरेस आणि पुढे साधारण तासभर बस. फिगेरेसला स्टेशनं दोन : वेगवान गाडी विलाफांतला थांबते, बस मात्र गावातल्या जुन्या स्टेशनजवळून सुटते. सामान ओढत जायला अर्धा तास धरा. बस चुकली तर पुढची लगेच नसते. शेवटचा घाट वळणावळणांचा, बस लागणाऱ्यांनी पुढे बसावं.

*

फिगेरेसचं दाली संग्रहालय म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धाच्या अखेरीस जळालेलं नाट्यगृह. दालीने ते १९७४ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. त्याची कबरही तिथेच. मे वेस्ट या अमेरिकन अभिनेत्रीच्या नावाच्या खोलीत शिडी चढून भिंगातून पाहिल्यावरच तिचा चेहरा जुळतो, म्हणून रांग असते. सकाळी उघडताक्षणी आधी तिकडे जा. दागिन्यांचं दालन त्याच तिकिटात आहे, पण दार वेगळं. बरेच जण ते न बघताच निघतात. हंगाम सोडून सोमवारी बहुधा बंद.

*

एम्पूरियेस वगळू नका. इ.स.पू. सहाव्या शतकातली ग्रीक वसाहत, वर रोमन शहर, दोन्हींचे अवशेष. सावली जवळजवळ नाही, टोपी आणि पाणी हवंच. शेजारच्या लेस्काला गावात खारवलेल्या अँचोव्हीचं (छोटे मासे) संग्रहालय आहे. शाकाहारींनी एस्कालिवादा मागवावं : भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, ऑलिव्ह तेलात. आपल्या भरताचा न कुस्करलेला भाऊ! मात्र 'वर अँचोव्ही नको' हे आधीच सांगा.

*

त्रामुंताना, म्हणजे उत्तरेचा वारा, सुटला की काप द क्रेउस या भूशिराकडच्या होड्या रद्द होतात. आकाश निरभ्र असतं, त्यामुळे फसगत होते. ढगांचा नाही, वाऱ्याचा अंदाज बघा. आणि कादाकेसच्या जुन्या गल्ल्या दगडी, चढाच्या. गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत.